डिफिब्रिलेटर घेताय? जूल नंतर विचारा, आधी सिंकचं बटण दाबून बघा

सोलापुरात होटगी रोडवरचं रुग्णालय असो की बार्शीतलं, दहा-पंधरा खाटांच्या जागेत डिफिब्रिलेटरची, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देऊन ठोका ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राची, चौकशी सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती जूल?" जूल म्हणजे झटक्याची ऊर्जा. विकणारा 360 म्हणतो, घेणारा मान डोलावतो आणि बोलणी लगेच किमतीवर येतात. बायफेजिक यंत्रात, म्हणजे वीज दोन्ही दिशांनी सोडणाऱ्या, बहुतेक व्हीएफ (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची नुसती थरथर, नाडी नाही) 150-200 जूलच्या झटक्यालाच थांबतं. 360 हा आकडा जुन्या, एकाच दिशेने वीज सोडणाऱ्या मोनोफेजिक यंत्रांचा. त्यांना तेवढे लागायचे. ऐन वेळी आडवं येतं ते वेगळंच. सिंक (झटका हृदयाच्या ठोक्याशी जुळवून सोडणारी सोय) चालू राहिलेलं असतं, लीडचा सिलेक्टर (ईसीजी कोणत्या तारांवरून घ्यायचा ते बटण) चुकलेला असतो, कागद संपलेला असतो, नाहीतर बॅटरी उतरलेली असते.

हे परीक्षण एका देशी बनावटीच्या बायफेजिक डिफिब्रिलेटर-मॉनिटरचं आहे. आयसीयूत रोज हाताळलं जाणारं यंत्र. तक्रारीही लिहायच्या आहेत, म्हणून कंपनीचं नाव देत नाही. याच किमतीच्या पट्ट्यातल्या बहुतेक यंत्रांना यातलं बरंचसं लागू पडेल.

सोबत काय येतं? मोठ्यांची पॅडल्स (झटका देताना छातीवर दाबून धरायची) आणि त्यांच्याखाली सरकवून काढायची लहान मुलांची पॅडल्स, तीन लीडची ईसीजी केबल, एसपीओटूचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) प्रोब, 50 मिलिमीटरच्या कागदाचा प्रिंटर, एईडी मोड (यंत्र स्वतःच ठोका ओळखून सूचना देतं) आणि पेसर (मंदावलेल्या हृदयाला बाहेरून ठोके देणारा). पेसरबद्दल पुढे बोलू, कारण तिथे ग्राहक हमखास फसतो.

आधी पडदा आणि प्रिंटर. झटका देणं हे या यंत्राचं क्वचित पडणारं काम आहे. रोजचं काम म्हणजे ठोका ओळखणं. पडदा मोठा आहे, हिरवी रेघ लांबूनही दिसते. पण मॉनिटर मोडमध्ये फिल्टर लावलेला असतो, त्यामुळे एसटी सेगमेंट (रेघेचा हार्ट अटॅक ओळखायचा भाग) वर गेला की खाली, हे या पडद्यावरून कधीही ठरवू नका. त्यासाठी बारा लीडचा ईसीजीच काढायचा. पडद्यावरून एवढंच बघायचं: वेग किती, क्यूआरएस (खालचे कप्पे आकुंचन पावतानाची टोकदार लाट) रुंद की अरुंद, ठोके नियमित की विस्कळीत.

प्रिंटर मात्र उत्तम. एक बटण दाबलं की 25 मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने पट्टी बाहेर येते. दोन आर लाटांमध्ये (क्यूआरएसच्या उंच टोकांमध्ये) मोठे चौकोन किती ते मोजा आणि 300ला त्या आकड्याने भागा. दोन चौकोन म्हणजे 150, आणि नेमका 150 आला की एट्रियल फ्लटरचा (वरच्या कप्प्यांच्या अतिजलद, नियमित ठोक्यांचा) संशय घ्यायचा. क्यूआरएस तीन लहान चौकोनांइतका, म्हणजे 120 मिलिसेकंद किंवा जास्त रुंद, ठोका जलद आणि नियमित, शिवाय पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला रुग्ण असेल, तर ती व्हीटीच (खालच्या कप्प्यांतून निघणारे जलद ठोके) समजून चालायचं. "बंडल ब्रँच ब्लॉकसकट एसव्हीटी असेल", म्हणजे ठोका वरून आलेला, फक्त वहनातल्या अडथळ्याने रुंद झालेला, म्हणून व्हेरापामिल दिलं आणि निघाली व्हीटी, तर रक्तदाब कोसळतो. व्हेरापामिलला दाद देणारी फॅसिक्युलर व्हीटी असते, हे खरं. पण ती ओळखायला अनुभवी डोळा लागतो आणि रात्री अडीच वाजता आरएमओने (निवासी डॉक्टरने) तो प्रयोग करू नये.

लांब पट्टी काढायची सवय लावा, निदान तीस सेकंदांची. व्हीटीत पी लाटा (वरच्या कप्प्यांच्या) स्वतःच्या चालीने जात असतात, क्यूआरएसशी त्यांचं काही नातं नसतं. मधेच एखादा अरुंद ठोका घुसतो किंवा अर्धा असा अर्धा तसा फ्यूजन बीट दिसतो. सरकत्या पडद्यावर हे डोळ्यांतून निसटतं, कागदावर सापडतं. ॲडेनोसिन (जलद ठोका क्षणभर अडवणारं औषध) देतानाही आधी प्रिंटर चालू करायचा, मग औषध: 6 मिलिग्रॅम कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून झटकन, पाठोपाठ 20 मिली सलाईनचा धक्का. नाही थांबलं तर 12 मिलिग्रॅम. ठोका थांबल्यावर काढलेल्या पट्टीला फारसा अर्थ नसतो. थांबतानाचे ते चार-पाच सेकंद निदान सांगतात. ठोके रुंद आणि विस्कळीत, वेग 200च्या वर, तर डब्ल्यूपीडब्ल्यूमधली (जन्मतः जादा विद्युतमार्ग असलेल्या हृदयातली) एएफ (वरच्या कप्प्यांची विस्कळीत थरथर) असू शकते. तिथे ॲडेनोसिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन सगळंच वर्ज्य. विजेचा झटका तिथे जास्त सुरक्षित.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 42-43 वर गेला की थर्मल कागदावरची अक्षरं महिन्याभरात फिकी पडतात. पट्टी फाईलला लावण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. पट्टी कोरी झाली की पुण्याच्या कार्डिऑलॉजिस्टला दाखवायला पुरावाच राहत नाही, आणि पुढे ॲब्लेशन (हृदयातली बिघडलेली जागा जाळणं) करायचं की आयसीडी (शरीरात बसवायचा छोटा डिफिब्रिलेटर) बसवायचा, हा निर्णय बऱ्याचदा त्याच पट्टीवर अवलंबून असतो.

पडद्यावर व्हीटीसारखं काहीतरी नाचताना दिसलं तर आधी रुग्णाकडे बघायचं. दात घासणं, थंडी वाजून हुडहुडी भरणं, मावशींनी पलंग ओढणं, या सगळ्याची व्हीटी दिसते. या यंत्रात एसपीओटूची लाट ईसीजीच्या खालीच दिसते आणि तिचा इथे फार उपयोग होतो. ईसीजी 220 दाखवतोय आणि खालची लाट 80च्या शांत चालीने चालली आहे, तर ती व्हीटी नाही, हललेली इलेक्ट्रोड आहे. याच्या उलट चूक जास्त महाग पडते. सिलेक्टर "पॅडल्स"वर असतो, पॅडल्स खाचेत ठेवलेली असतात आणि पडद्यावर सरळ रेघ दिसते. लोक ती असिस्टोल, म्हणजे हृदय पूर्ण थांबलेलं, समजतात. सरळ रेघ दिसली की लीड बदला, गेन (लाटेची उंची) वाढवा, केबल हलवून बघा. बारीक व्हीएफ असंच लपून बसतं.

आता सिंक. यंत्र घ्यायचं की नाही हे ठरवताना सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. 1962 मध्ये बर्नार्ड लाऊन यांनी डीसी झटका आर लाटेशी जुळवून द्यायची पद्धत मांडली. त्यामागचं कारण साधं आहे. टी लाटेच्या (क्यूआरएसनंतरच्या गोलसर लाटेच्या) माथ्याजवळ झटका पडला तर चालू असलेल्या व्हीटीचं व्हीएफ होऊ शकतं. सिंक चालू केल्यावर यंत्र प्रत्येक आर लाटेवर एक खूण दाखवतं आणि झटका त्या खुणेवरच सोडतं. आमच्या यंत्रात ही खूण लहान पांढऱ्या त्रिकोणाची आहे आणि पडद्यावर प्रकाश पडला की दिसत नाही. हा पहिला दोष. डेमोच्या वेळी दिवे लावून बघा. खूण उंच टी लाटेवर पडत असेल तर लीड बदलायचं, क्यूआरएस जिथे सर्वांत उठून दिसतो ते घ्यायचं. सिंकसाठी पॅडल्सवरचा ईसीजी नको, छातीला लावलेल्या लीडचा घ्या. पॅडल्स हाताबरोबर हलतात आणि खुणाही हलतात.

सिंकमध्ये तीन चुका ठरलेल्या. दोन्ही लाल बटणं दाबून लगेच सोडली जातात, झटका पडत नाही आणि "मशीन बंद पडलं" अशी ओरड होते. यंत्र पुढच्या आर लाटेची वाट बघत असतं, म्हणून झटका बसेपर्यंत बटणं दाबून धरायची. दुसरी चूक: व्हीएफमध्ये सिंक चालूच राहतं. व्हीएफला आर लाट नसते, त्यामुळे यंत्र वाट बघत बसतं आणि रुग्ण हातातून जातो. तिसरी चूक यंत्रागणिक बदलते. या यंत्रात प्रत्येक झटक्यानंतर सिंक आपोआप बंद होतं. पहिल्या झटक्याने व्हीटी गेली नाही आणि दुसरा द्यायचा, तर बटण पुन्हा दाबावं लागतं. काही यंत्रांत सिंक चालूच राहतं. दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच मजल्यावर ठेवली तर हाताची सवय घात करते. ठेवायचीच असतील तर प्रत्येकाच्या मुठीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा.

जूल किती द्यायचे? नाडी लागतेय पण रक्तदाब पडलाय किंवा छातीत दुखतंय, अशी एकसारखी व्हीटी असेल तर सिंक करून 100 पासून सुरुवात. एएफला 200 पासूनच करा, कमी जूलचे दोन-तीन फुकट झटके कशाला. एसव्हीटीला आणि फ्लटरला बऱ्याचदा 50-100 पुरतात. रुग्ण शुद्धीवर असेल तर मिडाझोलामसारखं काहीतरी देऊन आणि श्वासाची तयारी ठेवूनच. नाडी नसलेल्या व्हीटीत आणि व्हीएफमध्ये सिंक बंद, आणि जूल कंपनीने सांगितलेले, म्हणजे 120 ते 200 मधले; माहीत नसेल तर यंत्राची कमाल. रूप सारखं बदलणाऱ्या पॉलिमॉर्फिक व्हीटीतही सिंक नको, कारण यंत्राला कोणती लाट पकडावी हेच कळत नाही.

आणि नॉब वर कुठपर्यंत जातो यापेक्षा खाली कुठपर्यंत येतो ते बघा. मुलांना सिंक करून झटका द्यायचा तर सुरुवात किलोमागे अर्धा ते एक जूल. आठ किलोच्या बाळाला म्हणजे 4 ते 8 जूल. या यंत्रात 2 पासून पायऱ्या आहेत, म्हणून चालतं. 10, 20, 30 अशाच पायऱ्या असलेलं यंत्र बालरोग विभागाजवळ ठेवून उपयोग नाही. व्हीएफमध्ये मुलांना किलोमागे 2, मग 4.

पॅडल्स धरायला चांगली आहेत, मुठीवरच चार्जचं बटण आहे. एक उजव्या कॉलरबोनखाली, दुसरं डाव्या काखेच्या रेषेत बरगड्यांवर. स्त्री रुग्णाच्या स्तनावर नाही, त्याच्या बाजूला. प्रत्येक पॅडलवर साधारण आठ किलोचा दाब हवा. दाब कमी पडला की छातीचा विद्युत अवरोध वाढतो, ठिणगी उडते, कातडी भाजते. यंत्र हा अवरोध मोजून लाट जुळवून घेतं, पण कोरड्या पॅडलचा दोष ते भरून काढू शकत नाही. जेल डिफिब्रिलेशनचंच हवं. सोनोग्राफीची बाटली हाताशी असते म्हणून तीच वापरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती बंद करा. जेल पॅडलवर लावून हलकेच पसरा, पण दोन्ही पॅडल्स एकमेकांवर घासू नका. छातीवर जेलचा ओघळ एका पॅडलपासून दुसऱ्यापर्यंत गेला तर वीज हृदयातून जायच्या ऐवजी ओघळावरून जाते.

मे महिन्यात रुग्ण घामाने निथळत येतो. चिकटवायचे पॅड घामावर बसत नाहीत, पॅडल घसरतं. यंत्राच्या ट्रॉलीवर सोलापुरी टॉवेल घडी करून ठेवलेला असू द्या, पाणी टिपण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. केस दाट असतील तर वस्तरा. पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅडल त्यापासून निदान आठ सेंटिमीटर दूर. ऑक्सिजनचा मास्क काढून मीटरभर लांब. उशीवर फसफसत ठेवायचा नाही. मग "सगळे बाजूला" म्हणताना खरंच पलंगाच्या पायापर्यंत बघायचं.

चार्जला 200 जूलसाठी पाच सेकंदांच्या आसपास लागतात, वीज असताना आणि बॅटरी भरलेली असताना. तेवढा वेळ छाती दाबणं थांबवायचं नाही: मिनिटाला 100 ते 120, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. झटका पडला की पडद्याकडे बघत न बसता लगेच पुन्हा दाबायला लागायचं आणि दोन मिनिटांनी ठोका बघायचा. सीपीआर नसेल तर झटक्याला होणारा प्रत्येक मिनिटाचा उशीर वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी कमी करतो. चार्ज केलं आणि गरज उरली नाही, तर ऊर्जा यंत्रातच जिरवायचं बटण आहे. पॅडल्स हवेत धरून किंवा एकमेकांना लावून ती सोडायची नाही.

यंत्राखालचा औषधांचा खण ही कंपनीची नाही, आपली जबाबदारी, पण परीक्षणात तो यायलाच हवा. त्यात ॲमिओडॅरोनचे 150 मिलिग्रॅमचे निदान आठ अँप्युल, ॲड्रेनालिन, लिग्नोकेन, ॲडेनोसिन आणि मॅग्नेशियम ठेवा. दोन-तीन झटक्यांनंतरही व्हीएफ तसंच असेल तर ॲमिओडॅरोन 300 म्हणजे दोन अँप्युल एकदम, पुढच्या वेळी एक. ॲड्रेनालिन 1 मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी. नाडी असलेल्या स्थिर व्हीटीत ॲमिओडॅरोन 150 दहा मिनिटांत, सावकाश. नंतरच्या ड्रिपसाठी 900 मिलिग्रॅम, म्हणजे सहा अँप्युल, 500 मिली पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. नॉर्मल सलाईनमध्ये नाही. पंपावर सहा तास तासाला 33 मिली, पुढचे अठरा तास 17. ही पातळ मात्रा हाताच्या शिरेतून चालते. जास्त दाट केली तर शीर सुजते आणि सेंट्रल लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) लागते.

मॅग्नेशियमचं लेबल वाचा. 50 टक्क्यांच्या 2 मिली अँप्युलमध्ये 1 ग्रॅम असतं, 25 टक्क्यांच्या त्याच आकाराच्या अँप्युलमध्ये अर्धा. टॉर्साड (क्यूटी लांबल्याने होणारी, रूप बदलणारी व्हीटी) दिसला तर 2 ग्रॅम द्यायचं, म्हणजे दोन अँप्युल की चार हे लेबल ठरवतं. आणि तिथे ॲमिओडॅरोन द्यायचं नाही, ते क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचा वेळ) आणखी लांबवतं. आपल्या जिल्ह्यात टॉर्साडची कारणं घराजवळच सापडतात: द्राक्षबागेवरचं ऑर्गॅनोफॉस्फेट पोटात गेलेलं, उन्हाळी गॅस्ट्रोत पोटॅशियम घसरलेलं, त्यावर ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लोक्सासिन आणि ओंडॅनसेट्रॉन एकाच चिठ्ठीवर. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) 500 मिलिसेकंदांच्या वर गेला की अशी चिठ्ठी तिथेच थांबवायची. पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाऊन आलेल्या रुग्णाला झटका देताना हात आखडता घ्या, ते विष डिगॉक्सिनच्या जातीचं आहे. लागलाच तर कमी जूलपासून सुरू. आणि डायलिसिस चुकवलेल्या रुग्णाची रुंद पण व्हीटीच्या मानाने संथ, 110-120ची लय दिसली तर व्हीटी म्हणण्याआधी वाढलेल्या पोटॅशियमचा विचार करा, हातात कॅल्शियम ग्लुकोनेट घ्या.

एईडी मोड ठीकठाक. विश्लेषणाला सात-आठ सेकंद घेतो, तेवढा वेळ छाती दाबणं थांबतं, म्हणून ठोका ओळखता येणाऱ्याने हाताने चालवावं. रात्री एकटी सिस्टर असेल तर मात्र हाच मोड कामाचा. आवाजी सूचना इंग्रजी आणि हिंदीत. आमच्याकडे वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू सगळं चालतं, हिंदीतलं पुस्तकी वाक्य ऐकून मामा अजून एकदा "काय म्हणतंय?" विचारतात. एवढी भाषा घालायला कंपनीला काय कठीण होतं!

आता पेसर. शॉकनंतर ठोका मंदावला तर बाहेरून पेसिंग लागतं, आणि ते पॅडल्सवर होत नाही. चिकटवायचे मल्टिफंक्शन पॅड आणि त्यांची वेगळी केबल लागते. विक्रेत्याने पेसरचे पैसे घेतले आणि पॅडची एक जोडीही दिली नाही, असं सर्रास घडतं. पॅडना मुदत असते, उघडलेली जोडी सुकते. यंत्राच्या ऑर्डरमध्येच केबल आणि पॅडच्या दोन जोड्या लिहून घ्या, मुदत निदान वर्षभराची.

बॅटरी लिथियमची. मॉनिटर म्हणून ती नीट चालते, पण गरम खोलीत ठेवलेल्या बॅटरीचं आयुष्य घटतं. यंत्र खिडकीतल्या उन्हात किंवा ऑटोक्लेव्हच्या खोलीला चिकटून ठेवू नका. सक्शनच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. कुणीतरी सक्शनसाठी याची पिन काढतं आणि परत लावायचं विसरतं. रोज सकाळी पॅडल्स खाचेत ठेवून 30 जूलची चाचणी करायची, पट्टी वहीत चिकटवायची, खाली सही. महिन्यातून एकदा पिन काढून फक्त बॅटरीवर 200 जूलचे तीन चार्ज लागोपाठ. तिसऱ्याला दहा सेकंदांच्या वर वेळ लागला तर बॅटरी बदलायची वेळ झाली. आपल्याकडची वीज भरवशाची नाही, ही चाचणी टाळू नका.

सर्व्हिस हा सगळ्यांत कच्चा भाग. इंजिनिअर पुण्याहून येतो, अडीचशे किलोमीटर, आणि "उद्या सकाळी" म्हणजे नेमकी कोणती सकाळ हे त्यालाच ठाऊक. करारात दुरुस्तीच्या काळात बदली यंत्र मिळेल हे वाक्य असू द्या; नसेल तर वार्षिक कराराला अर्थ नाही. यंत्र मुळातून क्वचितच बिघडतं, आधी जाते ती पॅडलची केबल, मुठीजवळ जिथे ती वाकते तिथून. गुंडाळून ठेवल्याने तुटते. सैल वेटोळ्यात ठेवली तर टिकते. वॉरंटीत पॅडल, केबल आणि बॅटरी धरलेल्या नाहीत, हे कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं. जादा केबल सुरुवातीलाच घ्या, तीही त्याच बिलात, नंतर वेगळी मागवली की भाव वाढलेला असतो.